‘वीस-पन्नास’ आलं कुठून?

साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला मी गाडी देतो त्या गॅरेजात परवा सकाळी एक जण शंभर सीसीची गाडी घेऊन आला होता. पेट्रीकडून रोज दुधाचे दोन कॅन लावून यवतेश्वरचा घाट उतरायचा आणि रिकामे कॅन घेऊन परत चढायचा. मिस्त्रीने दहा-तीस नंबरच्या इंजिन ऑइलचा डबा काढला तसा तो म्हणाला, “वीस-पन्नास टाका की ओ. रोजचा घाट हाय, पातळ ऑइलनं इंजिन तापतंय.” मिस्त्रीने गाडीचं मॅन्युअल दाखवलं. त्याने मॅन्युअलकडे बघितलंही नाही. “ते पुस्तक घाट चढतंय का?”

हा वाद मी साताऱ्यात तीस वर्षं ऐकतोय. गाड्या बदलल्या, मिस्त्री बदलले, ‘घाटाला जाड ऑइल’ हे वाक्य तसंच राहिलं. मला वाटतं, एके काळी हा सल्ला बरोबर होता. फक्त ज्या गाडीसाठी तो दिला होता, ती गाडी आता राहिली नाही.

ऑइलच्या आधी आपल्याकडे वंगण होतं. बैलगाडीच्या आसाला एरंडेल चोपडायचे आणि ते संपलं की गाडी गावभर कुरकुरत यायची. एरंडेलाचा गुण असा की तापलेल्या लोखंडाला ते घट्ट धरून राहतं. हाच गुण साहेबांनी इंजिनासाठी हेरला. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये लंडनला वंगणाची कंपनी काढली. त्यांच्या ‘कॅस्ट्रॉल’ या नावातला ‘कॅस्टर’ म्हणजे आपला एरंड. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची कितीतरी इंजिनं एरंडेलावर चालली. पण एरंडेल तापून चिकट होतं, राळेसारखं थर धरतं आणि इंजिन वरचेवर उघडून साफ करावं लागतं. रोजच्या वापराच्या गाडीला हे परवडणारं नव्हतं, त्यामुळे खनिज तेलाने बाजार जिंकला. एरंडाच्या गुऱ्हाळावर हसणाऱ्या आपल्या भाषेला एरंडाची ही कामगिरी ठाऊक नसावी.

खनिज तेल आलं तशी दुसरीच अडचण उभी राहिली: ‘जाड’ म्हणजे नेमकं किती जाड? प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्ये त्याची पहिली प्रतवारी केली आणि डब्यावर आकडे आले. हे आकडे नुसत्या जाडीचे आहेत, ऑइल चांगलं की वाईट याच्याशी त्यांचा संबंध नाही. ‘पन्नास नंबर भारी, तीस नंबर हलकं’ असं दुकानदारसुद्धा बोलतात. म्हणजे दहा नंबरच्या चपलेपेक्षा अकरा नंबरची चप्पल भारी म्हणण्यातला प्रकार.

आजच्या डब्यावर दोन आकडे आणि मध्ये डब्ल्यू असतो. हा डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. आधीची ऑइलं एकेरी नंबरची असायची, थंडीत एक आणि उन्हाळ्यात दुसरं. पुढे तापल्यावर फार पातळ न होऊ देणारी लांब साखळीची रसायनं तेलात घालता आली आणि एकाच डब्यात दोन्ही ऋतू बसले. १०डब्ल्यू हा शिक्का मिळायला तेलाची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्याकडे थंडीची बातमी म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचा फोटो. त्यामुळे पहिल्या आकड्याने सातारकरांची झोप उडायचं कारण नाही. पहाटे किक मारल्यावर दहावालं ऑइल वीसवाल्यापेक्षा लवकर वर पोचतं, एवढा फायदा मात्र धरावा.

दुसरा आकडा आपल्या कामाचा. तो शंभर अंशांवरची जाडी सांगतो. त्या तापमानाला तीस नंबरची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (हे जाडी मोजायचं एकक), चाळीसची १६.३ पर्यंत आणि पन्नासची १६.३ ते २१.९. म्हणजे पन्नास हे तीसपेक्षा जवळपास पावणेदोन पट जाड. आता इंजिनात दोन भागांमधली फट किती, ऑइल पंप केवढा, ऑइल जायच्या वाटा किती बारीक, यावर कुठली जाडी हवी ते ठरतं. फट मोठी असेल तर पातळ ऑइल निसटतं. फट बारीक असेल तर जाड ऑइल उशिरा पोचतं आणि ते घुसळण्यात ताकद जाते, वर स्वतःची उष्णता तयार होते. ‘पातळ ऑइलने तापतं’ ही दूधवाल्याची तक्रार नव्या गाडीत उलटीही पडू शकते ती अशी.

मग मोठ्या फटीची गाडी कुठली? साताऱ्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच: बुलेट. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. कारखान्याचा संचालक, फौजदार, वाड्यावरचे पाटील अशी तिची गिऱ्हाईकं. बिडाच्या सिलिंडरच्या त्या जुन्या बुलेटला एक नाही, तीन वंगणं लागत. इंजिनाचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच ज्या डाव्या पेटीत बसतो तिचं वेगळं. फटी ऐसपैस, इंजिन सावकाश फिरणारं, उन्हाळ्यात मांडीला चटके देणारं. तिला जाड ऑइल मानवायचं आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या मिस्त्र्यांच्या तोंडी ‘वीस-चाळीस’, ‘वीस-पन्नास’ बसलं. माझा अंदाज असा की गुरूने बुलेटसाठी सांगितलेलं चेल्याने सगळ्या गाड्यांना लावलं.

बाकी गावाला तेव्हा इंजिन ऑइल हा प्रकारच नव्हता. साताऱ्याचं आणि दुचाकीचं नातं तसं घरचं आहे. इथल्या एमआयडीसीत १९७५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र स्कूटर्स, राज्याचं विकास महामंडळ आणि बजाज यांची तेव्हाची भागीदारी. तिथून ‘प्रिया’ निघायची. आमच्या घरी ती नंबर लावून, वाट बघून आली होती. ती टू-स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि जळून जायचं. वडील पंपावर उभे राहून “टूटी बरोबर घाल रे” म्हणत, टूटी म्हणजे हेच टू-स्ट्रोकचं ऑइल. गाडीगणिक प्रमाण वेगळं, लिटरला साधारण वीस ते चाळीस मिली. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरायचा, जास्त पडलं तर प्लग काळा आणि मागे निळा धूर. वडील दोन थेंब जास्तच घालून घ्यायचे. धूर दिसला की त्यांना बरं वाटायचं, इंजिनाला ऑइल पोचतंय म्हणून. येझदी, राजदूत यांची तऱ्हाही तीच. १९८५ च्या आरएक्स हंड्रेडला ऑइलची टाकी वेगळी आणि पंपही होता, पण जळायचं ते जळायचंच. या सगळ्या गाड्यांच्या क्लचला आणि गिअरला इंजिनाच्या ऑइलशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं ऑइल गिअरबॉक्समध्ये निराळं असे.

त्याच १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी हंड्रेड आली. फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही. जाहिरात होती ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. ती पेट्रोलबद्दल होती, आमच्या लोकांनी ती ऑइललाही लावली. मी पंचवीस हजार किलोमीटर एकाच ऑइलवर पळालेली गाडी उघडताना पाहिलीय. नट काढला तरी आतून काही पडेना. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर घातला तेव्हा काकवीसारखा गोळा खाली आला.

सीडी हंड्रेडने खरा बदल केला तो क्लच आणि गिअरच्या बाबतीत. आता एकच लिटरभर ऑइल पिस्टनलाही, गिअरलाही आणि क्लचलाही. क्लचच्या चकत्या त्याच ऑइलात बुडालेल्या. पिस्टनला घसरडेपणा हवा, क्लचला पकड हवी आणि गिअरचे दात तर तेलातल्या त्या लांब साखळ्या चक्क कापून टाकतात. वीस-पन्नास म्हणून घातलेलं ऑइल काही हजार किलोमीटरनंतर पन्नास राहत नाही त्याचं कारण हे.

मोटारीचा असा संसार नसतो. तिचा क्लच कोरडा, गिअरचं ऑइल वेगळं. आणि डब्यावरची दुसरी खूण, एपीआयची अक्षरं, मोटारींना समोर ठेवूनच पुढे गेली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९४७ मध्ये नुसते ‘रेग्युलर, प्रीमियम, हेवी ड्यूटी’ असे तीन वर्ग केले होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून अक्षरांची पद्धत आहे. एस म्हणजे पेट्रोलचं इंजिन, सी म्हणजे डिझेलचं, आणि पुढचं अक्षर जितकं लांबचं तितकी पायरी नवी. एसएफ १९८० चं, एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने मोटारींच्या मायलेजचा कायदा केला. कंपन्या थेंबाथेंबाला मायलेज शोधू लागल्या आणि ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं वाढली. मोटारीला ती वरदान, दुचाकीच्या ओल्या क्लचला शाप. म्हणून जपानी कंपन्यांची मॅन्युअलं बरीच वर्षं एसजीच्या आसपास घुटमळत राहिली आणि ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं ऑइल टाकू नका, अशी तळटीप देत राहिली. शेवटी १९९८ मध्ये जपानने दुचाकीच्या फोर-स्ट्रोक ऑइलची स्वतःची प्रतवारी आणली, जासो टी-९०३. क्लच पकडून ठेवणारं ऑइल एमए, निसरडं ते एमबी. २००६ मध्ये एमएचेही एमए-१ आणि एमए-२ असे पोटभाग केले, दोनची पकड जास्त. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला एमबी चालतं.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो असं सांगायला आवडलं असतं. शिकलो कासच्या रस्त्यावर. मित्राच्या मोटारीत भरून उरलेलं महागडं पाच-तीस सिंथेटिक मी मोठ्या दिलदारीने माझ्या दीडशे सीसीच्या गाडीत ओतलं. आठवडाभर गाडी लोण्यासारखी. मग पावसाळ्यात मागे बायको, घाटातलं वळण, मी तिसऱ्यात पीळ दिला तर इंजिन किंचाळलं आणि गाडी मात्र तेवढीच. अजून पीळ दिला, अजून आवाज, वेग तोच. बायको म्हणाली, “अहो, पुढे जा ना.” मागून एसटीचा हॉर्न. घाट उतरून गॅरेजात आलो, तर मिस्त्रीने आधी मलाच विचारलं, “ऑइल कुठलं टाकलंय?” क्लचच्या चकत्या बदलाव्या लागल्या. फुकटच्या ऑइलचा डबा तेव्हा नीट वाचला. त्यावर एसएन होतं, मायलेजची बढाई होती आणि एमए कुठेच नव्हतं.

खेड्यांत उलटा प्रकार चालतो. घरात ट्रॅक्टरचा पंधरा-चाळीसचा मोठा डबा असतो, त्यातलंच लिटरभर गाडीत. त्यावर सी-वाली अक्षरं. गंमत म्हणजे त्यात मायलेजची निसरडी रसायनं सहसा नसतात, म्हणून क्लच सहसा घसरत नाही आणि मंडळींना आपण बरोबर आहोत असं वाटतं. बारीक फटीच्या इंजिनाला ती जाडी लागते का, हा प्रश्न राहतोच.

नव्या गाड्यांत आणखी एक भर आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा नियम आले. सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ऑइलातलं फॉस्फरस मानवत नाही, आणि झीज रोखणारं जुनं हुकमी रसायन तर जस्त-फॉस्फरसचंच. त्यामुळे आता मॅन्युअल जे सांगतं त्यात जाडी, पकड आणि धूर, तिन्ही हिशेब धरलेले असतात. आजच्या बुलेटचंच बघा. तिन्ही वंगणं कधीच एक झाली आणि कंपनी पंधरा-पन्नास मागते.

तर दूधवाला. मिस्त्रीने वाद घातला नाही. दहा-तीसचा डबा फिरवून कोपऱ्यातलं बारीक ‘एमए’ अंगठ्याखाली दाखवलं, म्हणाला, “क्लच घसरला तर माझ्याकडं या, इंजिन तापलं तरी माझ्याकडंच या. महिनाभर चालवून बघा.” नऊशे मिली मोजून ओतलं आणि शंभर मिली डब्यात ठेवलं. तो म्हणाला, “पैसे लिटरचे दिलेत, सगळं ओता की.” मिस्त्रीने काचेवरची वरची रेघ दाखवली आणि डबा त्याच्या हातात दिला.

निघताना त्याने जळकं ऑइल मागितलं. कापलेल्या कॅनमध्ये काळंभोर पडलं होतं, ते रिकाम्या दुधाच्या कॅनशेजारी बांधलं. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागलीय म्हणाला.