चार फुटांत सूर

बाणेरच्या आमच्या सोसायटीचा पोहण्याचा टँक या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फूट खोल आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी नववीतल्या एका मुलानं काठावरून सूर मारला आणि वर आला तेव्हा त्याचं कपाळ खरचटलेलं होतं. तो हसत होता, मित्रही हसत होते. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कपाळ खरचटलं म्हणजे डोकं तळाच्या फरशीपर्यंत पोचलं होतं. सूर तिरका पडला म्हणून निभावलं.

एक मीटरवरून पडलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो, ताशी सुमारे १६ किलोमीटर. काठावरून सूर मारणाऱ्याचा वेगही साधारण तेवढाच भरतो. चार फूट म्हणजे १.२ मीटर. वेग तसाच राहिला तर हे अंतर जेमतेम पाव सेकंदाचं, आणि धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला ०.२ सेकंद तरी लागतात. पाणी वेग कमी करतं हे खरं, पण सूर जितका सफाईदार तितका पाण्याचा अडथळा कमी. पोटावर आपटणाऱ्याची कातडी लाल होते. सुरेख सूर मारणारा मात्र सरळ तळ गाठतो.

तळाला टेकताच डोकं थांबतं, धड थांबत नाही. मधे सापडते ती मान. एरवी मानेच्या ७ मणक्यांना हलकासा बाक असतो. हनुवटी जराशी खाली घेतली की तो बाक जातो आणि मणके खांबासारखे एका रेषेत येतात. मग धक्का जिरायला जागाच उरत नाही. मृतदेहांवरच्या प्रयोगांत सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाच्या धडकेतही मानेचे मणके मोडलेले दिसले आहेत. सूर चुकलेल्यांत बहुतेकदा पाचवा-सहावा मणका जातो. मज्जारज्जू तिथे चिरडला तर पाय तर जातातच, शर्टाचं बटण लावणारी बोटंही जातात. म्हणूनच कमरेइतक्या पाण्यातला सूर ही मला पोरांची मस्ती वाटत नाही.

‘पाणी फसवतं’ असं आपण म्हणतो. पण प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना चार फूट पाणी तीनच फूट भासतं, म्हणजे आहे त्याहून उथळ. आपण फसतो ते स्वतःच्या वेगाच्या अंदाजात. स्पर्धेत १ मीटरच्या स्प्रिंगबोर्डखाली किमान ३.४ मीटर पाणी लागतं, आणि तिथं उडी मारणारे वर्षानुवर्षं सराव केलेले असतात.

खोल टँकमध्ये सूर शिकवताना माझ्या मते पहिला धडा हातांचा हवा. दोन्ही हात कानांना चिकटवून डोक्यापुढे ताणायचे, पंजे एकमेकांत अडकवायचे आणि पाण्यात शिरल्यावरही सोडायचे नाहीत. सवयीनं हात लगेच मागे ओढले की डोकं उघडं पडतं. शिरताच पंजे आणि नजर वर वळवली की अंग सुकाणू फिरवल्यासारखं पृष्ठभागाकडे वळतं. उथळ टँकमध्ये मात्र हा धडाही नको. तिथं पायऱ्यांवरून उतरावं. उडीच घ्यायची तर पाय खाली ठेवून, तीही छातीभर पाणी असेल तरच.

कुणाला लागलंच तर घाईनं बाहेर ओढू नका. पाण्यातच त्याचे दोन्ही हात वर घेऊन डोक्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट दाबून धरा, म्हणजे मान हलत नाही. तसंच सावकाश उताणं करा, तोंड पाण्यावर ठेवा आणि १०८ ला फोन करायला सांगा. श्वास चालू असेल तर मदत येईपर्यंत पाण्यातच आधार द्या. श्वास थांबला असेल तर मात्र मानेची काळजी दुसरी, आधी बाहेर काढून श्वास.

आमच्या टँकच्या काठावर आता दर दोन मीटरवर ‘४ फूट, सूर नाही’ असं रंगवलंय, लहानग्यांसाठी शेजारी चित्रही आहे. अक्षरं मुद्दाम पाण्याकडे तोंड करून उभ्या असलेल्याला वाचता येतील अशी काढलीत. कपाळ खरचटलेल्या त्या मुलानंच ती रंगवली.