शेअरपॉइंटच्या स्थलांतरामागची पंचवीस वर्षे

शेअरपॉइंट म्हणजे संस्थेची कागदपत्रे एका ठिकाणी ठेवून सगळ्यांनी मिळून वापरायचे मायक्रोसॉफ्टचे व्यासपीठ. शेअरपॉइंट सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे दोष दुरुस्त करणारे पॅच वगैरे, १४ जुलै २०२६ पर्यंतच, हे कंपनीने खूप आधी जाहीर करून ठेवले होते. अभ्यासमंडळांचे मसुदे, समित्यांची इतिवृत्ते, संशोधन प्रकल्पांचे कागद ज्या विद्यापीठांनी या आवृत्त्यांवर ठेवले, त्यांना मायक्रोसॉफ्टकडेच राहायचे तर दोन वाटा उरतात. आपल्या सर्व्हरवर नवी ‘सबस्क्रिप्शन एडिशन’ बसवायची, नाहीतर सगळा पसारा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या क्लाउडवर न्यायचा. निविदेत हे काम ‘डेटा मायग्रेशन’ अशा एका ओळीत मावते. प्रत्यक्षात फायली हलवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. अडते ते मागच्या प्रत्येक आवृत्तीत कुणीतरी घेतलेल्या आणि आता कुणालाच आठवत नसलेल्या निर्णयांपाशी.

शेअरपॉइंट २००१ मध्ये आले तेव्हा ती दोन वेगळी उत्पादने होती. पोर्टल सर्व्हर हे एक. त्याच्या पोटात एक्स्चेंज या मेल-सर्व्हरचे साठवणतंत्र होते. दुसरे टीम सर्व्हिसेस, वेबपाने बनवायच्या फ्रंटपेजच्या पायावर उभे आणि ऑफिस एक्सपीबरोबर मिळणारे. २००३ च्या आवृत्तीत दोन्हींची कागदपत्रे एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये गेली, आणि पुढच्या सगळ्या स्थलांतरांचे स्वरूप तिथेच ठरले. पडद्यावर फोल्डर दिसतो, पण डिस्कवर तसा फोल्डर नसतो. म्हणून जुन्या सर्व्हरवरून ‘कॉपी’ करून नव्यावर ‘पेस्ट’ करता येत नाही. डेटाबेस नव्या आवृत्तीला जोडायचा आणि तिथे तो सुधारून घ्यायचा, हीच रुळलेली रीत. तीही एकेक पायरी चढत: २००७ वर राहिलेल्या संस्थेला २०१६ गाठायचे तर आधी २०१०, मग २०१३ उभे करावे लागे, फक्त त्यातून पुढे जाण्यासाठी. ही सक्ती सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये थोडी सैल झाली. २०१६ आणि २०१९ या दोन्हींवरून तिच्यावर थेट जाता येते.

कार्यालयांत खऱ्या अर्थाने रुजली ती २००७ ची आवृत्ती. तिने रिसायकल बिन दिला, एकेका फाइलपुरती वेगळी परवानगी दिली, मंजुरीचा प्रवास ठरवून देणारे वर्कफ्लो दिले, आणि इन्फोपाथमध्ये बनवलेले फॉर्म ब्राउझरमध्ये भरायची सोय दिली. विद्यापीठासारख्या ठिकाणी याचा परिणाम कंपनीपेक्षा वेगळा होतो. इथे प्रत्येक विभाग आपल्या मर्जीचा. ज्या विभागात हौशी आणि जाणकार माणूस होता तिथे रजेचे अर्ज, खरेदीची मंजुरी, प्रबंध परीक्षकांची नेमणूक असे सगळे फॉर्म तयार झाले. आयटी विभागाला त्यांची नोंद नसे. बनवणारा माणूस निवृत्त झाला, फॉर्म मात्र चालत राहिला.

मग मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१४ मध्ये इन्फोपाथची पुढची आवृत्ती येणार नाही असे सांगितले. शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे क्लाउडवरच्या शेअरपॉइंटवर, २०१० च्या पद्धतीचे वर्कफ्लो बंद होणार ही घोषणा जुलै २०२० मधली, आणि प्रत्यक्ष बंद नोव्हेंबरमध्ये. करोनाच्या पहिल्या वर्षात, परीक्षा कशा घ्यायच्या याच विवंचनेत सगळे असताना, चार महिन्यांची मुदत! मला हा निर्णय तेव्हाही अन्याय्य वाटला आणि आजही वाटतो. २०१३ च्या वर्कफ्लोला २ एप्रिल २०२६ ची तारीख मिळाली. हे सगळे पॉवर ऑटोमेट आणि पॉवर ॲप्स या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या साधनांत नव्याने बांधावे लागते. जुने सगळेच तसेच्या तसे उचलून नेणारे साधन नाही. त्यासाठी आधी त्या फॉर्ममागचा नियम काय होता, कुणाची सही कुणाच्या आधी, हे शोधावे लागते. ते काम विभागात जाऊन, बसून, विचारूनच होते.

परवानग्यांचेही असेच. अभ्यासमंडळाच्या फोल्डरमधली एकच फाइल बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवायची, म्हणून त्या फाइलची परवानगी फोल्डरपासून तोडली जाते. काम झाल्यावर ती परत कुणी जोडत नाही. दहा-बारा वर्षांत एका लायब्ररीत, म्हणजे फायलींच्या एका यादीत, अशा हजारो तुटक परवानग्या साठतात. मायक्रोसॉफ्टची कमाल मर्यादा एका यादीत ५०,००० ची, शिफारस मात्र ५,००० च्या आत ठेवण्याची. त्यात २०१३ च्या आवृत्तीने ओळख पटवण्याची पद्धत बदलली. वापरकर्त्याचे जुने डोमेन-नाव जाऊन ‘क्लेम्स’ ही वेगळ्या घडणीची ओळख आली. सोडून गेलेल्या प्राध्यापकांची नावे अशा वेळी कुणाशीच जुळत नाहीत, आणि फाइल कुणाची हा प्रश्न उघडाच राहतो.

घाईने केलेल्या स्थलांतरात आणखी एक नुकसान होते, ते लगेच दिसत नाही. फायली नुसत्या डाउनलोड करून नव्या ठिकाणी चढवल्या की मागच्या आवृत्त्यांचा इतिहास गळून पडतो आणि ‘शेवटचा बदल’ या रकान्यात सगळीकडे चढवल्याचा दिवस येतो. विद्यापरिषदेपुढे नेमका कोणता मसुदा गेला होता, पुनर्मूल्यांकनाचा नियम कोणत्या बैठकीनंतर बदलला, हे सांगणारा पुरावा त्याच इतिहासात असतो. इतिहासासकट हलवणारी साधने आहेत, मायक्रोसॉफ्टचे मोफत साधनही आहे. त्यांना वेळ जास्त लागतो, एवढेच.

मग हलावेच का, जुन्यावरच का राहू नये? याचे उत्तर जुलै २०२५ मध्ये मिळाले. ‘टूलशेल’ नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी शेअरपॉइंट केंद्रे लक्ष्य झाली आणि २०१६, २०१९ व सबस्क्रिप्शन एडिशन या तिन्हींसाठी तातडीचे पॅच काढावे लागले. क्लाउडवरच्या शेअरपॉइंटला त्या दोषाचा उपद्रव नव्हता. आधार संपलेल्या आवृत्तीसाठी असा पॅच मिळेल हे गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडची वाट थोडी निराळी. आपल्या बऱ्याच महाविद्यालयांची सुरुवात थेट क्लाउडवर झाली. एप्रिल २०१२ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने देशातल्या १० हजारांहून अधिक तंत्रशिक्षण संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टची ‘लाइव्ह ॲट एज्यु’ ही क्लाउडवरची ईमेल-सेवा जाहीर केली. महाराष्ट्रातली अभियांत्रिकी महाविद्यालये परिषदेच्याच मान्यतेखाली येतात. त्याच वर्षी ऑफिस ३६५ ची शैक्षणिक आवृत्ती आली आणि ती सेवा तिच्यात विलीन झाली. दुसरीकडे गूगलच्या अमर्याद जागेवर कित्येकांनी भिस्त ठेवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ती सवलत संपवत संस्थेला एकूण १०० टीबी (टेराबाइट) अशी मूळ मर्यादा जाहीर केली. जुन्या संस्थांना ती जुलै २०२२ पासून लागू झाली. पुढे मायक्रोसॉफ्टनेही शैक्षणिक संस्थांसाठी १०० टीबीचाच पाया ठरवला. आज इकडून तिकडे चाललेली बरीच हलवाहलव या दोन निर्णयांतून आली आहे.

हलवाहलवीत नॅकच्या, म्हणजे संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, अहवालातल्या लिंक तुटतात, हे इथले खास दुखणे. २०१७ च्या सुधारित पद्धतीत स्वयं-अध्ययन अहवाल ऑनलाइन भरला जाऊ लागला आणि मुद्द्यागणिक पुराव्याची लिंक द्यावी लागली. व्यासपीठ बदलले की पत्ता बदलतो, आणि सादर झालेल्या अहवालातली लिंक नुसती उरते. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवण्याची सोय काही वर्षे तरी चालू ठेवा, हे करारातच लिहून घ्यायला हवे.

मराठी कागदांचा प्रश्न याहून जुना आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला. तरी कार्यालयांत पुढची कित्येक वर्षे श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत टंकलेखन चालले. त्या फाइलमध्ये देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. ती फाइल नव्या व्यासपीठावर सुखरूप पोहोचते, मोजणीत बरोबर भरते, स्थलांतराचा अहवाल हिरवा येतो. ‘अधिसभा’ शोधले की मात्र २००५ चे इतिवृत्त निकालात येत नाही. क्लाउडवर तो फॉन्ट नसला तर उघडल्यावर अगम्य चिन्हेच दिसतात. फॉन्ट बदलून देणारी परिवर्तके मिळतात, पण रफार आणि ऱ्हस्व इकार यांवर ती हमखास घसरतात, कारण जुन्या फॉन्टांत ही चिन्हे उच्चाराच्या क्रमाने टंकत नसत, दिसण्याच्या क्रमाने टंकत. कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट होता हे आस्थापना आणि सभा विभागातल्या जुन्या लिपिकांना माहीत असते. ते सेवेत आहेत तोवर फायलींची यादी करून घ्यावी, परिवर्तन तपासून युनिकोड प्रत मूळ फाइलशेजारी ठेवावी, आणि मगच त्या दोन्ही हलवाव्यात.