तबकडीवरचं घड्याळ

२०१९ साली स्टॉकहोमला पोलर म्युझिक प्राइझ हा संगीतातला मोठा पुरस्कार दिला गेला, तेव्हा मानकऱ्यांमध्ये व्हायोलिनवादक आन-सोफी मुटर होत्या आणि ग्रँडमास्टर फ्लॅश हा डीजेही होता. हे सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: ‘पण तो वाजवतो काय? गाणी तर दुसऱ्यांचीच!’ त्याचं उत्तर भूमितीत आहे आणि ती भूमिती इतकी देखणी आहे की समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

फ्लॅशचं खरं नाव जोसेफ सॅडलर. जन्म १९५८चा, बार्बाडोसचा. वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. वडिलांच्या रेकॉर्डना हात लावायला सक्त बंदी होती आणि तो लावायचाच. घरातली विजेची उपकरणं उघडून बघायची खोडही होती. पुढे तो तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. त्याच भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या डीजेने ती प्रसिद्ध पार्टी केली, जिच्यापासून हिप हॉप संगीताची सुरुवात मानतात. हर्कच्या एक गोष्ट लक्षात आली होती: नाचणारी मुलं संपूर्ण गाण्यासाठी थांबत नाहीत, ती ‘ब्रेक’ची वाट बघतात. ब्रेक म्हणजे बाकीची वाद्यं गप्प होऊन फक्त ड्रम उरतात तो तुकडा, जेमतेम दहा सेकंदांचा. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, ठेवायचा, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर सुई टेकवायचा. ब्रेक लांबायचा, पण ताल मोडायचा. फ्लॅशला ते खटकत होतं.

ताल का मोडतो? एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, ३ मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. एका बाजूला २२ मिनिटांचं संगीत असेल तर सुमारे ७३३ फेऱ्या होतात आणि त्या सगळ्या साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंदीत बसवलेल्या असतात. खाच एकच, गोल गोल फिरत आत आत जाणारी, पण वरून बघाल तर सेंटिमीटरमागे सुमारे ८६ रेघा दिसतील. आता सुई नजरेच्या अंदाजाने टेकवताना १ मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर साडेआठ फेऱ्यांची चूक होते. वेळेत मोजलं तर १५ सेकंदांची. दहा सेकंदांचा ब्रेक त्यात आख्खा हरवतो. हर्कचा हात कच्चा नव्हता. सुई उचलून टेकवण्याच्या पद्धतीत याहून अचूकपणा शक्यच नव्हता.

फ्लॅशने सुई उचलणंच बंद केलं. सुई खाचेतच ठेवायची आणि रेकॉर्ड हाताने उलटी फिरवायची. पण किती? त्यासाठी त्याने रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलवर खडूने रेघ मारली. ब्रेक सुरू होतो तेव्हा ती रेघ कुठे आहे, संपतो तेव्हा कुठे, हे तो घड्याळाच्या काट्यासारखं वाचायचा.

हिशेब करून बघू. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोक्यांची आहे असं समजा. रेकॉर्ड मिनिटाला त्याच्या एक तृतीयांश फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीत बरोबर ३ ठोके. पण आवर्तन असतं ४ ठोक्यांचं. म्हणून एका आवर्तनाला एक फेरी आणि वर तिसरा हिस्सा लागतो. रेघ बारावर असताना आवर्तन सुरू झालं, तर संपताना ती चारवर येते. दुसरं आवर्तन संपताना आठवर. तिसरं संपलं की पुन्हा बारावर, तोवर ४ फेऱ्या पूर्ण. ब्रेक ४ आवर्तनांचा असेल तर एकूण पाच फेऱ्या आणि एक तृतीयांश, रेघ पुन्हा चारवर. वेळ ९.६ सेकंद. आता रेकॉर्ड तेवढीच उलटी फिरवायची: पाच वेळा रेघ मोजायची आणि चारवरून मागे बारावर आणायची. खाचेतली सुई या सगळ्यात बाहेरच्या बाजूला सरकते ती फक्त ०.६ मिलिमीटर, तेही आपोआप. आणि हे हेडफोनवर ऐकत, दुसऱ्या टर्नटेबलवर तोच ब्रेक चालू असताना, तो संपायच्या आत.

यात अचूकपणा किती? १.८ सेकंदांत ३६० अंश, म्हणजे एका अंशाला ५ मिलिसेकंद. लेबलच्या कडेला, मध्यापासून ५ सेंटिमीटरवर, हात १ मिलिमीटर चुकला तर ताल चुकतो सुमारे ६ मिलिसेकंदांनी. एवढा फरक नाचणाऱ्याच्या कानाला कळत नाही. आता शेजारी शेजारी ठेवून बघा: सुई आडवी १ मिलिमीटर चुकली तर १५ सेकंद, रेकॉर्ड फिरवताना १ मिलिमीटर चुकलं तर ६ मिलिसेकंद. माणूस तोच, बोटं तीच, अचूकपणा अडीच हजार पट. १७-१८ वर्षांच्या मुलाने मोजण्याची दिशा बदलली आणि वेळ हाताच्या मापात आणली. फ्लॅशच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया माझ्या मते हा आहे.

बाकीच्या अडचणी यातूनच निघाल्या. रेकॉर्ड उलटी फिरवताना खालची जड थाळी सुलटीच फिरत राहायला हवी, नाहीतर सोडल्यावर वेग पकडण्यात वेळ जातो. टर्नटेबलवर येणारं रबर रेकॉर्डला घट्ट धरून ठेवायचं. आई शिवणकाम करायची, त्यामुळे कापडाचे प्रकार त्याला माहीत होते. त्याने फेल्ट हे नमद्यासारखं कापड गोल कापलं, स्टार्च मारून इस्त्रीने कडक केलं आणि रबराच्या जागी टाकलं. घर्षण एवढंच उरलं की मोकळी रेकॉर्ड थाळीबरोबर फिरावी आणि बोटाने अडवली तर निमूट थांबावी. सुयाही त्याने पारखल्या: लंबगोल टोकाची सुई आवाजाला सरस, पण उलट्या दिशेने खाचेतून उडते, गोल टोकाची टिकते. आणि दुसरी रेकॉर्ड आधी कानात ऐकता यावी म्हणून दोन टर्नटेबलांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवर एक साधा दुहेरी स्विच चिकटवला.

जोरदार मोटरचं टर्नटेबल हवं हेही त्याने ओळखलं होतं. पुढे १९७९च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ने ती गरज पुरी केली. त्यात पट्टा नाही, थाळी थेट मोटरवर बसते आणि ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेते. त्याच्या बाजूला वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी पट्टी आहे. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर ‘४३२ हर्ट्झचं संगीत ऐका, पेशी दुरुस्त होतील’ असे संदेश फिरतात. वाद्यं एरवी ज्या ४४० हर्ट्झला जुळवतात तो सूर ४३२वर आणायला ही पट्टी दोन टक्केही खाली ओढावी लागत नाही. लय जुळवण्यासाठी डीजे चाळीसेक वर्षं रोज हे करत आले आहेत आणि त्याने कोणाचं पडसंसुद्धा बरं झाल्याची नोंद नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, बस्स. सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे, पेशींना त्याची खबर नसते.

‘स्क्रॅच’ मात्र फ्लॅशचा शोध नाही. तो १९७५च्या सुमाराचा, ग्रँड विझर्ड थिओडोर या डीजेचा, म्हणजे रेकॉर्ड पुढेमागे घासून काढलेला आवाज: आई आवाज कमी कर म्हणून ओरडायला आली, त्याने रेकॉर्ड हाताने धरली आणि ती पुढेमागे होताना कानात जे ऐकू आलं ते त्याने सोडलं नाही. इथलं विज्ञान फॅरेडेचं. सुईला जोडलेलं इवलंसं चुंबक गुंडाळीजवळ हलतं आणि व्होल्टेज तयार होतो तो चुंबकाच्या वेगाच्या प्रमाणात. रेकॉर्ड निम्म्या वेगाने ढकलली तर सूर एक सप्तक उतरतो आणि व्होल्टेजही निम्मा होतो. मग हळू ओढलेला स्क्रॅच विरून का जात नाही? कारण आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या १९५४पासूनच्या प्रमाणानुसार खाचेत खर्ज मुद्दाम दाबून कोरतात आणि अ‍ॅम्प्लिफायर तो परत उचलतो: १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला सुमारे ७ पट वर, १०,००० हर्ट्झला सुमारे पाचव्या हिश्श्यावर. वेग कमी झाला की व्होल्टेज घटतो, पण सूर घसरून जिथे अ‍ॅम्प्लिफायर जास्त उचलतो त्या पट्ट्यात येतो. घट बऱ्याच अंशी भरून निघते.

फ्लॅशने हे सगळं पहिल्यांदा लोकांपुढे मांडलं, तेव्हा कोणी नाचलंच नाही. सगळे उभे राहून त्याच्या हातांकडे बघत राहिले आणि तो घरी जाऊन रडला, असं त्याने पुढे सांगितलं आहे. गर्दीला हलवायला तालावर बोलणारा माणूस, म्हणजे रॅपर, हवा हे त्याला कळलं. त्यातून काउबॉय, मेली मेल आणि मग फ्युरियस फाइव्ह हा ताफा उभा राहिला. २००७ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला हा पहिला हिप हॉप गट. गटाचं १९८२चं ‘द मेसेज’ सर्वांना माहीत आहे, पण त्यात फ्लॅशच्या हातांचं काम जवळजवळ नाही. ते ऐकायचं तर १९८१ची ‘व्हील्स ऑफ स्टील’वाली रेकॉर्ड ऐका: तीन टर्नटेबलं, सात मिनिटं, सगळं हाताने केलेलं. तिच्यात शीक या गटाच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्याची बासची ओळ येते. तिची लय मिनिटाला ११०च्या आसपास आहे, म्हणजे एलपीच्या वेगाला एका आवर्तनात सव्वा फेरीला किंचित कमी. रेघ बारावरून निघते आणि अडीचवर येते.