विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिरात निवासी समुपदेशक: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

वार्षिक परीक्षा संपून वसतिगृहे रिकामी झाली की विद्यापीठांच्या आवारात शाळकरी मुलांची निवासी शिबिरे भरतात आणि त्या मुलांसोबत रात्रंदिवस राहण्यासाठी निवासी समुपदेशक नेमले जातात. ‘समुपदेशक’ या शब्दामुळे मानसशास्त्राची पदवी हवी, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हे काम वसतिगृहाच्या रेक्टरच्या कामाच्या अधिक जवळचे आहे. सकाळी मुलांना उठवणे, प्रत्येक ठिकाणी जाताना आणि परतताना मुले मोजणे, पालकांनी दिलेली औषधे नोंदवहीत लिहून वेळेवर देणे आणि रात्री खोल्यांची फेरी घेणे ही यातली रोजची कर्तव्ये. साताऱ्यातून अर्ज करणाऱ्या मुलामुलींना मी गेली काही वर्षे कागदपत्रांसाठी मदत करतो आणि बहुतेकांची अडचण गुणांत नसून कागदांच्या वेळेत असते, असे मला दिसून आले आहे.

शिबिराच्या पहिल्या दिवशी उमेदवाराचे वय १८ वर्षे पूर्ण असावे, कारण जी व्यक्ती स्वतःच कायद्याने अल्पवयीन आहे, तिच्याकडे दुसऱ्या मुलांची जबाबदारी सोपवणे योग्य नाही. शिबिरार्थी नववी-दहावीचे असतील, तर केवळ १८ वर्षांच्या समुपदेशकाचे ते ऐकतीलच असे नाही. अशा शिबिरासाठी पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनीच अर्ज करावा, असे माझे मत आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि ७ दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण केले असल्यास ते प्रमाणपत्र अवश्य जोडावे, कारण एकत्र राहण्याचा आणि वेळापत्रक पाळण्याचा तो लेखी पुरावा ठरतो. शिवाजी विद्यापीठाच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षा शिबिराच्या तारखांशी भिडत नाहीत ना, हे अर्जापूर्वीच पाहावे.

सर्वाधिक वेळ लागतो तो पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याला. जावळी, पाटण भागातील काही उमेदवार गावच्या पोलीस पाटलाचा दाखला आणतात, तर काही जण शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील ‘वर्तणूक: चांगली’ हा रकाना दाखवतात, दोन्ही कागद खरे असले तरी पोलीस पडताळणीची जागा ते घेऊ शकत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो आणि पुढे आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात मूळ कागदपत्रांसह जावे लागते. मध्यंतरी पुण्यात किंवा कोल्हापुरात शिकायला राहिला असाल, तर तो पत्ताही न लपवता लिहावा. नोकरीच्या कारणासाठी दाखला मागताना संबंधित संस्थेचे पत्र लागते. म्हणून तात्पुरती निवड झाल्याचे कळताच शिबिराच्या कार्यालयाकडून शिक्का-सहीचे पत्र त्याच दिवशी मागून घ्यावे.

येथे नावाचा एक घोटाळा वारंवार होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते आणि आधारवर ते शेवटी असते. हा क्रमाचा फरक चालून जातो, परंतु वडिलांचे नाव एका ठिकाणी ‘बाळू’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बाळासाहेब’ असेल, तर दुरुस्तीत पंधरवडा सहज जातो. उरलेली कागदपत्रे त्या मानाने सोपी आहेत: वयाचा पुरावा, महाविद्यालयाचा बोनाफाईड दाखला, नोंदणीकृत डॉक्टरांचे तंदुरुस्ती प्रमाणपत्र आणि मानधनासाठी पॅन व बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. प्रती स्वसाक्षांकित कराव्यात.

मुलाखतीत पुस्तकी प्रश्न कमी आणि प्रसंग जास्त विचारले जातात. मी पाहिलेल्या एका शिबिरात सहावीतला एक मुलगा रात्री साडेअकराला बॅग भरून, चपला घालून वऱ्हांड्याच्या पायरीवर बसला होता. समुपदेशकाने त्याला रागावले नाही, ‘उद्या घरी सोडतो’ असे खोटेही सांगितले नाही; शेजारी बसून त्याच्या घरच्या म्हशीविषयी विचारले, दुसऱ्या समुपदेशकाला जागे केले आणि झोपण्यापूर्वी वेळेसह नोंद केली. असे उत्तर देता येणे म्हणजे या कामाची खरी पात्रता.

अर्जासोबत बालसुरक्षेच्या हमीपत्रावर सही घेतली जात असेल, तर ते न वाचता सही करू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि ते न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणूनच ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. ‘तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगावे लागेल, त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक पाठ असावा.

मानधन, जेवण, विश्रांतीचे तास आणि एका समुपदेशकाकडे किती मुले राहणार, हे नेमणूक पत्रात लिहून घ्यावे. रुजू होताना सर्व मूळ कागद सोबत ठेवावेत आणि शक्य असल्यास एक दिवस आधी पोहोचून आपल्या मजल्यावरची कुलपे, दिवे व जिन्याची दारे स्वतः तपासून घ्यावीत.