समुद्रातले चपटे मासे नदीत कसे आले?

समुद्रापासून कितीतरी आत, नदीच्या तळाशी वाळूत अंग पुरून पडलेला चपटा मासा पाहिला की तो वाट चुकून आला असावा असं वाटतं. पण युरोपातला फ्लाउंडर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हॉगचोकर आणि उत्तर पॅसिफिकमधला स्टारी फ्लाउंडर यांचं नदीत चढणं नेहमीचंच आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तर काही जातींचा सगळा जन्म गोड्या पाण्यातच जातो.

मूळ मात्र समुद्राचं. चपट्या माशासारखा दोन्ही डोळे एका बाजूला आलेला मासा टप्प्याटप्प्याने कसा घडेल, अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा उपयोग काय, असा आक्षेप सेंट जॉर्ज मायव्हर्ट या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये डार्विन यांच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतावर घेतला. डार्विन यांनी पुढच्याच वर्षी त्याला उत्तर दिलं, पण मधल्या टप्प्याचा पुरावा समोर यायला २००८ साल उजाडलं. जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी दाखवलेल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवाश्मांत एक डोळा माथ्याकडे सरकलेला आहे, पण पलीकडे पोचलेला नाही. असं घडणं पिल्लांत आजही पाहता येतं. फ्लाउंडरचं पिल्लू आधी इतर माशांसारखं उभं पोहतं. मग एक डोळा डोक्यावरून पलीकडे जातो आणि ते कुशीवर पडून तळ गाठतं.

याच सुमारास ते खाडीत शिरतं. एवढ्याशा जिवाला प्रवाहाविरुद्ध पोहणं झेपत नाही, म्हणून भरतीला ते वर येऊन पाण्याबरोबर आत जातं आणि ओहोटीला तळाला चिकटून राहतं. मला या माशाच्या चरित्रातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो. पुढे शरीराचा कारभारच उलटतो. समुद्रात मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. नदीत पाणी आपोआप आत झिरपतं, ते पातळ लघवीवाटे काढावं लागतं आणि मीठ धरून ठेवावं लागतं.

एवढं जमूनही फ्लाउंडर अंडी घालायला समुद्रातच परततो. त्याची अंडी पाण्यात तरंगत वाढतात, आणि तरंगायला पाणी पुरेसं खारं लागतं.

बाल्टिक समुद्रात हीच अडचण होती. हिमयुगानंतर सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी तो निमखारा झाला. तिथल्या काही फ्लाउंडरची अंडी जड असतात, ती तळाशीच वाढतात. पेर सोलेमडाल या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात या अंड्यांवर प्रयोग केले. २०१७ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं की हे मासे तरंगती अंडी घालणाऱ्या फ्लाउंडरपासून जेमतेम २,४०० पिढ्यांत वेगळे झाले. २०१८ मध्ये त्यांना स्वतंत्र जात मानून प्लॅटिक्थिस सोलेमडाली असं नाव दिलं गेलं. दोन्ही जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. जनुकं तपासावी लागतात, नाहीतर अंडी तरंगतात की बुडतात ते पाहावं लागतं.