शाळा, दवाखाना की सुवार्ता? चर्चमधल्या फुटींची पार्श्वभूमी, नागपूरच्या संदर्भात

नागपुरात सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स आणि सदर या टापूत ख्रिस्ती समाजाच्या चार जुन्या खुणा आहेत: हिस्लॉप कॉलेज, मूर मेमोरियल हॉस्पिटल, ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि भारतीय चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचं (एनसीसीआय) मुख्यालय. एक शिक्षणाची, एक औषधोपचाराची, एक उपासनेची आणि एक समन्वयाची. या चारांचं आपसातलं नातं काय असावं, यावर जगभरच्या चर्चमध्ये पावणेदोनशे वर्षं वाद चालू आहे आणि त्यातून मंडळ्या (चर्चचे सभासद-समूह) खरोखर फुटल्या आहेत. गरिबाला मदत करावी की नाही, यावर भांडण क्वचितच झालं. ते झालं सेवेचा हेतू काय, ती सुवार्तेसाठी म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पसरवण्यासाठी आहे का, आणि तिचे पैसे कुणाच्या सहीने निघणार, यावर.

सुरुवात स्कॉटलंडपासून करावी लागते, कारण नागपूरचं मिशन तिथल्याच एका फुटीतून आलं. थॉमस चाल्मर्स हे ग्लासगोच्या सेंट जॉन्स पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू. १८१९ मध्ये त्यांनी सुमारे दहा हजार वस्तीची ही पॅरिश २५ विभागांत वाटली, प्रत्येक विभागाला एक डीकन (चर्चचा मदतनीस) नेमला आणि गरिबांची सोय सरकारी करातून न करता मंडळीच्या अर्पणातून करून दाखवली. डीकनने घरोघरी जायचं, आधी नातेवाईक मदत करू शकतात का ते पाहायचं आणि मगच चर्चच्या निधीला हात लावायचा. पॅरिशचं काम पॅरिशनेच ठरवावं, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १८ मे १८४३ रोजी चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं, तेव्हा चाल्मर्सच त्या फुटीचे नेते होते. फुटीचं कारण गरिबांची मदत हे नव्हतं. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा अधिकार हे होतं. पण त्यातून निघालेल्या फ्री चर्चमध्ये 'मंडळीचं काम मंडळीच्या पैशाने आणि मंडळीच्या अधिकाराने' हा विचार मुरलेला होता. ४७४ पाळक पगार, घर आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले. भारतातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले. कोलकात्यात अलेक्झांडर डफ आणि मुंबईत जॉन विल्सन यांना आपापल्या शाळांच्या इमारती जुन्या चर्चच्या हवाली करून नव्याने सुरुवात करावी लागली.

याच फ्री चर्चने १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरला पाठवलं. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी इथे शाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी, १८४६ मध्ये, स्कॉटलंडमध्ये फ्री चर्चविरुद्ध 'पैसे परत पाठवा' ही मोहीम पेटली होती. नव्या चर्चला निधी हवा म्हणून त्याचे प्रतिनिधी १८४४ मध्ये अमेरिकेला गेले होते. जमलेल्या सुमारे तीन हजार पौंडांत दक्षिणेतल्या गुलाममालक मंडळ्यांचा पैसाही होता. गुलामीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडभर सभा घेऊन हा पैसा परत करा म्हणत होते. फ्री चर्चने तो परत केला नाही. गुलाममालकाला सरसकट मंडळीबाहेर काढता येणार नाही, अशी चाल्मर्स यांची भूमिका होती. नागपूरच्या मिशनच्या इतिहासात हे प्रकरण सहसा सांगितलं जात नाही. ते सांगायला हवं, असं आम्हाला वाटतं.

अमेरिकेत तोवर हा प्रश्न फुटीपर्यंत गेलाच होता. १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बाप्टिस्ट हे प्रोटेस्टंट पंथ उत्तर-दक्षिण असे दुभंगले. दक्षिणेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत जेम्स हेन्ली थॉर्नवेल यांनी या फुटीला धर्मशास्त्रीय आधार दिला. चर्च ही आध्यात्मिक संस्था आहे, समाजव्यवस्थेवर बोलण्याचा अधिकार तिला नाही, असं ते मांडत. गुलामीला हात न लावण्यासाठी बनलेलं हे तत्त्व गुलामी संपल्यावरही टिकलं आणि वांशिक भेदभावाच्या काळातही पुढे केलं गेलं. मेथडिस्ट पुन्हा एक झाले ते १९३९ मध्ये आणि प्रेस्बिटेरियन १९८३ मध्ये.

भारतात वादाचं स्वरूप वेगळं होतं. इथे प्रश्न शाळांचा होता. डफ यांनी १८३० मध्ये कोलकात्यात घालून दिलेली पद्धत अशी: इंग्रजी माध्यम, वरच्या जातींतली मुलं, विज्ञान आणि इतिहासाबरोबर रोज बायबलचा तास; शिकलेला वर्ग बदलला की विचार खाली झिरपेल. हिस्लॉप यांचं शिक्षणकार्य याच वळणाचं. उलट बाजूला अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सचिव रूफस अँडरसन होते. १८५४-५५ मध्ये ते स्वतः भारतात आले आणि अहमदनगरच्या मराठी मिशनसह अनेक ठिकाणच्या इंग्रजी शाळा आवरत्या घ्यायला त्यांनी लावलं. सिलोनमधली बट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली. त्यांचं म्हणणं होतं की इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरीत जातो, खेड्यातल्या मंडळीला पाळक मिळतच नाही; मिशनचं काम स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार करणारी मंडळी उभी करणं एवढंच आहे.

नेमक्या १८५४ मध्येच वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं धोरण आणलं. अनुदान लौकिक शिक्षणासाठी होतं. निरीक्षक धर्मशिक्षणाकडे पाहणार नव्हता. पैशाची सोय झाली, पण शाळेचं मोजमाप परीक्षेच्या निकालावर होऊ लागलं. शिक्षकांच्या जागा वाढल्या तसे ख्रिस्ती शिक्षक पुरेनात आणि मिशनशाळेत अन्यधर्मीय शिक्षकच बहुसंख्य झाले. १८८३ मध्ये हिस्लॉप यांच्या नावाने नागपुरात कॉलेज सुरू झालं, त्या काळात कॉलेजातून बाप्तिस्मे होत नाहीत ही तक्रार सगळीकडेच होती. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर यांनी त्याला उत्तर दिलं की कॉलेजचं काम धर्मांतर नव्हे, विचारांची मशागत आहे. देणगीदार मंडळ्यांतल्या अनेकांना ते पटलं नाही. मशागतीसाठी किती वर्षं पैसे पाठवायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

महाराष्ट्रात हा पेच सर्वांत तीव्रपणे भोगला तो पंडिता रमाबाईंनी. १८८९ मध्ये सुरू झालेल्या शारदा सदनात धार्मिक तटस्थतेचं वचन होतं. काही मिशनरींना ही तटस्थता म्हणजे श्रद्धा लपवणं वाटलं. दुसरीकडे, मुली स्वेच्छेने रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात हे कळल्यावर १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली घरी नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या, तेव्हा केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालवलं. वचन पाळून दोन्हीकडचा रोष ओढवण्यापेक्षा त्यांनी भूमिका स्पष्ट केली. आमच्या मते हा प्रामाणिक मार्ग होता. बाप्तिस्म्यापूर्वी काही काळ नागपुरात राहिलेले रेव्ह. ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, तोही याच ताणातून. पगार मिशनचा असेल तर सेवा मिशनचीच राहते, हिंदी ख्रिस्ताची होत नाही, असं त्यांना वाटत होतं.

विसाव्या शतकात अमेरिकेतला वाद पुन्हा भारतावर येऊन आदळला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पाळक राहिलेले वॉल्टर राउशेनबुश यांनी 'सामाजिक सुवार्ता' मांडली: पाप फक्त माणसात नसतं, कारखान्याच्या आणि घरभाड्याच्या व्यवस्थेतही असतं. १९०८ मध्ये मेथडिस्टांनी कामगारांच्या हक्कांचा 'सामाजिक मतांगीकार' स्वीकारला. प्रतिक्रिया म्हणून १९१० ते १९१५ दरम्यान जुन्या श्रद्धेला घट्ट धरून राहणाऱ्या मूलतत्त्ववाद्यांच्या बारा पुस्तिका निघाल्या. मग १९३२ मध्ये हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या आयोगाने भारत, ब्रह्मदेश, चीन आणि जपानमधली मिशनं पाहून अहवाल दिला की शाळा आणि दवाखाने प्रत्यक्ष धर्मप्रसाराच्या जबाबदारीपासून मोकळे करावेत. प्रेस्बिटेरियन विद्वान ग्रेशम मेचेन यांनी याविरुद्ध १९३३ मध्ये स्वतंत्र मिशन बोर्ड काढला. चर्चने त्यांना निलंबित केलं आणि १९३६ मध्ये ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन चर्च वेगळं झालं. मिशनच्या हेतूवरून एक अख्खं चर्च फुटल्याचं हे स्पष्ट उदाहरण.

भारतातून याच प्रश्नाला उलट टोकाचं उत्तर दिलं ते डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी. १८९७ मध्ये दमोहला जन्मलेले हे डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट मिशनचे सचिव. मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर. त्यांचा निष्कर्ष होता की बंगला, शाळा, दवाखाना आणि वसतिगृह असलेलं 'मिशन स्टेशन' भरपूर खर्च खातं, पण त्याच्या आवाराबाहेर मंडळी वाढत नाही. सचिवपद सोडून ते बरीच वर्षं छत्तीसगडच्या सतनामी समाजात काम करत राहिले. १९६८ मध्ये उप्साला इथे जागतिक चर्च परिषद भरण्याआधी, सामाजिक प्रश्नांपायी सुवार्ता न पोचलेल्या दोन अब्ज लोकांचा विश्वासघात होणार का, असा जाहीर सवाल त्यांनी केला. पण त्यांच्या हिशेबात एक मोठी त्रुटी आहे: सदस्यसंख्या मोजली की कुष्ठरुग्ण किंवा बाळंतीण कुठल्याच रकान्यात येत नाही.

नागपूरसाठी निर्णायक वर्ष १९५४. मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी समिती नेमली. समितीने १४ जिल्हे, ७७ केंद्रं पाहिली, ११,३६० लोकांशी संपर्क केला आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. कॅथलिकांनी मध्येच सहकार्य थांबवलं. प्रश्नावलीविरुद्ध नागपूर उच्च न्यायालयात याचिका झाली, ती फेटाळली गेली. १९५६ च्या अहवालातली दोन कलमं आपल्या विषयाच्या थेट गाभ्याशी आहेत: वैद्यकीय वा अन्य व्यावसायिक सेवेचा धर्मांतराचं साधन म्हणून वापर कायद्याने बंद करावा, आणि भारतातल्या चर्चनी परकीय मदतीवर न विसंबता एक संयुक्त, स्वतंत्र चर्च उभारावं. समितीत एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती सदस्य होते. त्यांनी अहवालाला साथ दिली म्हणून ख्रिस्ती समाजात कडवटपणा आला. पण सेवेला अटी नकोत, ही त्यांची मागणी हॉकिंग आयोगाच्या मागणीपासून फार लांब नव्हती, हे नोंदवलं पाहिजे. अहवालाच्या वर्षीच राज्य पुनर्रचनेत नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं. त्यामुळे १९६८ चा मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायदा छिंदवाडा-शिवनीला लागू झाला, नागपूरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात वैध ठरवला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चप्रवाह एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. अमेरिकन परंपरेतलं मेथडिस्ट चर्च मात्र ऐनवेळी बाहेर राहिलं. एकीकरणानंतर वेगवेगळ्या मिशनांनी उभारलेल्या शाळा-दवाखान्यांची मालकी नव्या ट्रस्ट संघटनांकडे आणायची होती आणि ते काम कोर्टकचेऱ्यांत अडकत राहिलं.

त्याच काळात जागतिक पातळीवर दोन वेगळे प्रवाह घट्ट झाले. जागतिक चर्च परिषदेने १९७८ मध्ये वंशवादविरोधी निधीतून झिंबाब्वेत गोऱ्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या पॅट्रिऑटिक फ्रंटला ८५,००० डॉलर दिले. मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेने) लगेच परिषदेचं आपलं सदस्यत्व स्थगित केलं आणि १९८१ मध्ये ती बाहेर पडली. आयर्लंडचं प्रेस्बिटेरियन चर्च १९८० मध्येच गेलं. दुसरीकडे १९७४ च्या लोझान परिषदेत इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या) नेत्यांनी करारनाम्याच्या पाचव्या कलमात सामाजिक जबाबदारी मान्य केली. लॅटिन अमेरिकेचे रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी रेटा लावला नसता तर ते कलम एवढं ठाम झालं नसतं. १९८२ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या बैठकीत सूत्र निघालं: सेवा ही सुवार्तेचं फळ, तिचा पूल आणि तिची जोडीदार. यातला 'पूल' हा शब्द भारतात अडचणीचा ठरतो, कारण नियोगी समितीचा आक्षेप त्यावरच होता.

भारतात मदतकार्यही दोन वाटांनी गेलं. फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, आजच्या एनसीसीआयच्या मदतकार्यातून पुढे 'कासा' ही मदतसंस्था झाली. बिहारच्या दुष्काळात, १९६७ मध्ये, इव्हँजेलिकल फेलोशिपची 'एफिकोर' झाली. काम बरंचसं सारखं, देणगीदार वेगळे.

आज हा वाद धर्मशास्त्रापेक्षा नोंदणीच्या फॉर्मवर जास्त ठरतो. परकीय देणगी कायद्याखाली (एफसीआरए) संस्थेला आपलं कार्य सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक, सामाजिक यांपैकी काय ते नमूद करावं लागतं आणि देणगी त्याच कामासाठी वापरावी लागते. 'सामाजिक' म्हणून आलेल्या पैशातून पाळकाचा पगार दिला की उल्लंघन होतं. नोंदणी पाच वर्षांची, वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, एका संस्थेने दुसरीला परकीय निधी देणं बंद केलं आणि पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यायचा नियम केला. दिल्लीतल्या मोठ्या संस्थेमार्फत जिल्ह्यातल्या छोट्या प्रकल्पाला मिळणारा पैसा त्यामुळे थांबला. देणगीदाराला मिळणाऱ्या आयकर सवलतीसाठी (जुन्या कायद्यातलं कलम ८०जी) धार्मिक खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर जाऊन चालत नाही.

म्हणून अनेक डायसिसनी (बिशपच्या कारभाराखालच्या विभागांनी) सामाजिक कामासाठी वेगळी सोसायटी काढली. हिशेबाला हे सोपं पडतं, पण दोन कार्यकारिणी झाल्या की मंडळीचा संबंध तुटतो: पाळकाला प्रकल्पाचं अंदाजपत्रक ठाऊक नसतं, प्रकल्पाच्या समन्वयकाला मंडळीत बोलायची मुभा नसते. निवडणूक वादग्रस्त ठरली की विश्वस्तबदलाचा चेंज रिपोर्ट, जो धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा असतो, दोन्ही गट वेगवेगळा दाखल करतात. निकाल लागेपर्यंत बँक सह्या मान्य करत नाही, आणि सर्वांत आधी अडकतात ते दवाखान्यातल्या नर्स आणि वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचे पगार.