पीक सल्ला जिल्ह्यापर्यंत आला कसा, आणि 2024 ला मागे का गेला

मराठवाड्यात हवामान अंदाजाचा विषय निघाला की बोलणं 'पाऊस येणार का'वरच अडकतं, शेतकऱ्याला खरं लागतं ते त्याच्या पुढचं. पेरू का थांबू, फवारणी आज का परवा, सोयाबीनची गंजी झाकू का. सरकारी सेवेत ही बाजू हळूहळूच आली. पुण्यात शेती हवामानाचा विभाग 1932 चा, रेडिओवरचं शेतकऱ्यांचं बुलेटिन 1945 चं, पण ते एवढ्या मोठ्या भागासाठी असायचं की "तुरळक ठिकाणी पाऊस" ऐकून कन्नडवाल्यानं काय समजायचं आणि उमरग्यावाल्यानं काय. 1991 पासून कृषी विद्यापीठांतून काही दिवसांचा अंदाज आणि त्यावर पीक सल्ला मिळायला लागला, 2008 ला तो जिल्ह्यावर आला. आपल्याकडे हे काम परभणीच्या कृषी विद्यापीठातून चालतं, आठवड्यातून दोनदा, मंगळवार-शुक्रवार.

अंदाजासाठी समुद्राचंही निरीक्षण होतं, त्याचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पण जूनच्या आधीचा मान्सूनचा अंदाज काढताना प्रशांत महासागराचं पाणी किती तापलंय हे बघावंच लागतं, आणि ते समुद्रातल्या बॉया, तरंगती यंत्रं आणि उपग्रहांवरून कळतं. 2015 ला एल निनो, म्हणजे हे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, जोरात होता, जूनमध्येच सांगितलं होतं की देशात सरासरीच्या 88 टक्के पाऊस होईल, झाला 86. अंदाज बरोबर निघाला. पण तो आकडा देशाचा, मराठवाड्यात त्या वर्षी 40 टक्क्यांच्या आसपास तूट होती, तीही लागोपाठ दुसऱ्या वर्षी, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. देशाचा आकडा बरोबर असूनही बीडच्या माणसाला जून महिन्यात बियाणं मातीत टाकायचं का नाही हे त्यातून कळत नव्हतं.

म्हणून 2018 पासून जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीचे हवामान कक्ष निघाले, देशभरात 199, मराठवाड्यातही काही. प्रत्येक ठिकाणी दोनच माणसं, एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, तीही कंत्राटी. तालुक्याचा अंदाज घ्यायचा, शेतात पीक कोणत्या अवस्थेत आहे ते बघायचं, आणि साध्या मराठीत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं की 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय आणि वापसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीचा खर्च ज्यानं सोसलाय त्याला या एका ओळीची किंमत सांगायची गरज नाही.

2024 च्या सुरुवातीला हे कक्ष बंद करायचे आदेश निघाले आणि मार्चनंतर ते थांबले. कारण दिलं गेलं की माहिती आता आपोआप गोळा होते, त्यासाठी वेगळा स्टाफ कशाला. स्वयंचलित केंद्रं वाढलीत हे खरंच आहे, राज्यात 2017 पासून महसूल मंडळागणिक (काही गावांचा गट) ती बसवलीत. पीकविम्यात पावसाचा 21 दिवसांचा खंड पडला का हे 2024 पर्यंत त्यांच्याच आकड्यांवरून ठरायचं, आणि मंडळात 65 मिमीच्या वर अतिवृष्टी झाली का हे आजही ठरतं. पैसे वाचवायचा विचारही चूक म्हणता येणार नाही. पण आकडे गोळा करणं हे त्या कक्षांचं छोटं काम होतं, मोठं काम आकड्याचा सल्ला करायचं होतं. तूर फुलोऱ्यात आहे आणि ढगाळ वातावरण चार दिवस राहणार, मग अळीसाठी काय करायचं, हे यंत्र सांगत नाही. शिवाय शेतकरी ज्याला फोन करून "साहेब, उद्या उघडीप आहे का" विचारायचा तो माणूसच गेला, आणि ती जागा कुणाचेही पुढे ढकललेले व्हॉट्सअ‍ॅप अंदाज भरून काढतायत ज्यांची जबाबदारी कुणावरच नाही.

विजेचा इशारा देणारं अ‍ॅप, पीक सल्ल्याचं अ‍ॅप हे सगळं दरम्यान आलं आणि ते उपयोगाचं आहे, पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून माणसं-जनावरं मरतात त्या भागात तर फारच. रडारचा प्रश्न मात्र जुना आहे. मुंबई, नागपूर, हैदराबादची रडारं आपल्यापासून लांब, आणि अंतर वाढलं की रडारची किरणं जमिनीपासून उंच जातात, मग खालचे ढग नीट दिसत नाहीत. गारपीट, ढगफुटीसारखा पाऊस यांचा तासा-दोन तासांचा इशारा त्यामुळेच कच्चा राहतो.

सप्टेंबर 2025 च्या पुरात बीड, धाराशिव, लातूरकडं मोबाईलवर अलर्ट येत होते, पण काढणीला आलेलं सोयाबीन आज काढायचं का दोन दिवस थांबायचं हे विचारायला जिल्ह्यातला तो कक्ष नव्हता. परभणीतून मंगळवार-शुक्रवारचा सल्ला आजही निघतो, आठही जिल्ह्यांसाठी.